नातवाला ई-बाइक हवी आहे आणि आजीला ट्रेलवर जायची धास्ती वाटते

पत्र:

आम्ही दोघं पुण्याहून सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात सॅन रॅमोनला मुलाकडे आलो आहोत. मी ७१ वर्षांचा, सौ. ६७ वर्षांची. घरामागूनच आयर्न हॉर्स ट्रेल जातो. रोज सकाळी तिथे तासभर फिरणं हाच आमचा विरंगुळा. इथले आणखी दोन-तीन मराठी आजी-आजोबाही सोबत असतात. मागच्या आठवड्यात एक मुलगा विजेच्या सायकलवरून मागून सुसाट आला, काहीतरी ओरडला, सौ. दचकून डावीकडे सरकली आणि त्याच्या हँडलचा धक्का लागून पडली. तो ‘सॉरी’ म्हणत निघून गेला. तिचं मनगट अजून दुखतं, पण इथल्या बिलांच्या भीतीने ती डॉक्टरांकडे यायला तयार नाही.

त्यातच नातवाला चौदाव्या वाढदिवसाला ई-बाइक हवी आहे. मुलगा ऑनलाइन ऑर्डर करायच्या बेतात आहे. मी नको म्हटलं तर म्हणाला, “बाबा, इथे लायसन्स लागत नाही, सगळी मुलं चालवतात, तुम्हाला इथले नियम माहीत नाहीत.” ट्रेलच्या तोंडाशी तर मोटार वाहनांना बंदीची पाटी आहे! शिवाय सौ.चे गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या बाईंनी त्यांची बॅटरीवर चालणारी, बसून न्यायची चारचाकी स्कूटर वापरायला देऊ केली आहे. तीही मोटरचीच. आपण मोटर घेऊन जायचं आणि नातवाला नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. मी यात बोलावं की गप्प बसावं?

– एक आजोबा, सॅन रॅमोन

उत्तर:

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नियमांचं नंतर सांगते, आधी काकूंचं मनगट. या वयात पडताना हात टेकला गेला आणि आठवड्यानंतरही दुखणं थांबलेलं नाही, म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात आणि अशा पडण्यात मनगटच सर्वांत आधी मोडतं. अंगठ्याच्या मुळाशी एक छोटं हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही, म्हणून नेमकं तिथे दाबल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. यासाठी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जायची गरज नाही. ‘अर्जंट केअर’ नावाची छोटी केंद्रं असतात, तिथला खर्च त्या मानाने खूप कमी येतो. तुम्ही प्रवासी विमा काढला असेल तर त्या कंपनीला आधी फोन करून जवळचं कोणतं केंद्र चालेल ते विचारा. हे आज करा. हात प्लास्टरशिवाय वेडावाकडा जुळला तर पुण्यात परतल्यावर पोळी लाटताना रोज त्रास होईल आणि तेव्हा आज वाचवलेल्या डॉलरचा काही उपयोग नसेल.

आता ट्रेल. तुम्ही जिथे फिरता ती जुनी रेल्वेची वाट आहे. सदर्न पॅसिफिक रेल्वेची शाखा या खोऱ्यातून धावायची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली, आणि रूळ गेल्यावर त्या पट्ट्यावर चालण्या-फिरण्याचा मार्ग झाला. कॉन्कर्डपासून प्लेझन्टनपर्यंत तो तीस मैलांहून लांब आहे, मध्ये बार्ट या इथल्या लोकल रेल्वेच्या दोन स्टेशनांना लागून जातो, आणि त्याची देखभाल ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट ही इथली उद्यानं सांभाळणारी सार्वजनिक संस्था करते. आगगाडीला चढ आणि वळणं झेपत नाहीत, त्यामुळे ही वाट सपाट आणि सरळ आहे. गुडघे दुखणाऱ्या काकूंना ती सोयीची वाटते ती त्यामुळेच, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तिथे सुसाट सुटावंसं वाटतं तेही त्यामुळेच. शाळेत जाणारी मुलं, ऑफिसला निघालेली माणसं, बाबागाडी ढकलणारे आईवडील, कुत्री, क्वचित घोडेस्वारसुद्धा, सगळ्यांना हा एकच डांबरी पट्टा वाटून घ्यायचा आहे.

म्हणून तिथे उतरंड ठरलेली आहे. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि घोडा आला तर दोघांनीही घोड्याला. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर. मागून पुढे जाणाऱ्याने वेग कमी करायचा, घंटी वाजवायची किंवा आवाज द्यायचा आणि पुरेसं अंतर राखून जायचं. त्या मुलाने आवाज दिला, पण वेग कमी केला नाही. नुसत्या आवाजाने त्याचं कर्तव्य संपत नाही. शिवाय माणूस पडलेलं दिसत असताना तो थांबला नाही, हे तर मला अजिबात क्षम्य वाटत नाही.

वेगाबद्दल थोडा हिशेब मांडते, कारण हा हिशेब मुलाला आणि नातवालाही दाखवता येईल. समजा सायकलवाल्याने वीस मीटर मागून घंटी वाजवली. तो १५ मैलांच्या वेगात असेल तर काकूंपर्यंत पोचायला त्याला साधारण तीन सेकंद लागतील. तेवढ्यात ऐकणं, कळणं, बाजूला होणं जमतं. तोच मुलगा २८ मैलांनी, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरने येत असेल तर दोन सेकंदही मिळत नाहीत. सदुसष्ट वर्षांचं माणूस एवढ्या वेळात फक्त दचकू शकतं. वेग १५ वरून २८ वर गेला की धडकेतला जोर साडेतीनपट होतो, आणि या सायकलीही हलक्या नसतात, पंचवीस-तीस किलो वजन असतं.

आता पाटीचं कोडं. तुमचा मुलगा निम्मा बरोबर आहे, आणि तेवढं तुम्ही आधी मान्य करा. कॅलिफोर्नियात विजेच्या सायकलीला मोटार वाहन धरत नाहीत, पण ती सायकल कायद्याच्या व्याख्येत बसत असेल तरच. मोटर ७५० वॉटपर्यंत, चालणारी पॅडल्स हवीतच, आणि पुढे तीन वर्ग. पहिल्या वर्गात मोटर फक्त तुम्ही पॅडल मारत असताना मदत करते आणि २० मैलांना मदत थांबते. दुसऱ्या वर्गात मर्यादा तीच, पण थ्रॉटल असतो, म्हणजे पाय न हलवता नुसत्या अंगठ्याने सायकल पळते. तिसऱ्या वर्गात पुन्हा पॅडल मारावंच लागतं, पण मदत २८ मैलांपर्यंत मिळते. भारतात २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतलं वाहन मोटार वाहन मानत नाहीत. ती मोजपट्टी मनात असेल तर बाजूला ठेवा. इथली सायकल मोटरच्या ताकदीत तिप्पट असू शकते.

पहिल्या दोन वर्गांना लायसन्स लागत नाही, आणि राज्यभरासाठी किमान वयाची अटही नाही. आयर्न हॉर्सवर या दोन्ही वर्गांना परवानगी आहे. तिसऱ्या वर्गाला मात्र नाही. शिवाय तिसऱ्या वर्गाची सायकल चालवायला १६ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि त्यावर हेल्मेट प्रत्येकाला सक्तीचं आहे, अगदी साठ वर्षांच्या माणसालाही. १८ वर्षांखालच्या मुलांना तर कोणत्याही सायकलवर, विजेची असो वा साधी, हेल्मेट घालावंच लागतं. म्हणजे चौदा वर्षांच्या नातवासाठी तिसरा वर्ग विषयच नाही. उभं राहून चालवायची विजेची स्कूटरही नाही, कारण तिला इथे लायसन्स किंवा शिकाऊ परवाना लागतो. ‘ई-बाइक नको, मग स्कूटर घेऊ’ अशी तडजोड घरात निघालीच तर हे ध्यानात असू द्या.

खरी फसगत होते ती जाहिरातीत. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या दिसायला सायकल, नावाला दुसरा वर्ग, आणि सेटिंगमध्ये किंवा ॲपमध्ये एक बटण दाबलं की वीसची मर्यादा निघून जाते. काहींना तर पॅडलच नसतात, किंवा असतात ती दाखवण्यापुरती. वीस मैलांच्या पुढे थ्रॉटलवर धावणारी गाडी कायद्याने सायकल राहत नाही. ती मोपेड किंवा मोटरसायकलच्या घरात जाते, तिला नोंदणी आणि चालवणाऱ्याला तसं लायसन्स लागतं, आणि पाटीवरची बंदी तिला पूर्ण लागू होते. १ जानेवारी २०२५ पासून राज्याने व्याख्या आणखी घट्ट केल्या. पहिल्या आणि तिसऱ्या वर्गाच्या सायकलीला थ्रॉटल चालत नाही, सायकल हाताने ढकलताना मिळणारी अगदी मंद मदत तेवढी चालते. वेगाची मर्यादा उडवणारी उपकरणं किंवा ॲप विकण्यावरही बंदी आली. तेव्हा ‘सगळी मुलं चालवतात’ हे खरं असलं तरी सगळी मुलं काय चालवतात ते पाहायला हवं. माझ्या मते त्यातली पुष्कळशी वाहनं त्या ट्रेलवर असायलाच नकोत, आणि ती मुलांना घेऊन देणारे आईबाप बहुतेक वेळा कायदा न वाचताच घेऊन देतात.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक ई-बाइकवर कायमचं लेबल असणं बंधनकारक आहे. त्यावर वर्ग, कमाल वेग आणि मोटरचे वॉट लिहिलेले असतात. मुलाने जी सायकल निवडली आहे तिच्या त्या लेबलचा फोटो विक्रेत्याकडे मागायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर ती सायकल घ्यायची नाही, इतकं सोपं आहे.

माझं मत विचाराल तर चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्गाची घ्या, थ्रॉटलची नको. ट्रेलवर थ्रॉटलला परवानगी असली तरीही. पॅडल मारणं थांबवलं की मोटर थांबते, यात शरीराला आपोआप शिस्त लागते. अंगठ्यावर चालणारी गाडी जागच्या जागी उसळी घेते, आणि मुलाचं लक्ष दुसरीकडे असताना अंगठा दाबलेलाच राहतो. त्यातही पॅडलवरचा जोर मोजून तेवढीच मदत देणारी, म्हणजे टॉर्क सेन्सरची सायकल बघा. नुसती पॅडल फिरल्याबरोबर ढकलणाऱ्या स्वस्त सायकली गर्दीत धक्का देतात. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असावेत. सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकायला हवेत, म्हणून ‘अजून वाढेल’ असं म्हणत दोन नंबर मोठी घेऊ नका. आणि बॅटरी व विजेच्या यंत्रणेला यूएल २८४९ हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र आहे का ते बघा, कारण ही बॅटरी रात्री गॅरेजमध्ये, झोपलेल्या घराखाली चार्ज होणार आहे. हे सगळं ऑनलाइन फोटोवरून कळत नाही. गावातल्या सायकलच्या दुकानात जाऊन, नातवाला बसवून घ्या. शंभर-दोनशे डॉलर जास्त जातील, पण पुढे पंक्चर आणि ब्रेकची कामंही तिथेच होतात. ऑनलाइन घेतलेल्या गाड्यांना पुष्कळ दुकानदार हात लावत नाहीत.

अर्थात साधी सायकलही आहेच. शाळा दोन-तीन मैलांवर असेल आणि वाट रेल्वेची सपाट असेल तर निरोगी मुलाला मोटर कशाला हवी, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. पण तो एकदाच विचारा. मित्र पुढे निघून जातात आणि आपण मागे राहतो, हे दुःख त्या वयात खरं असतं, त्याला हसू नका.

काकूंच्या स्कूटरचं मात्र मनातून पूर्ण काढून टाका. ती आणि नातवाची सायकल एका तागडीत बसत नाहीत. अपंगांच्या हक्कांचा जो अमेरिकी कायदा आहे, त्याचे सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून लागू आहेत. त्यानुसार चालायला अडचण असलेल्या व्यक्तीसाठीच मुख्यतः बनवलेलं वाहन, मग ते हाताने ढकलायचं असो की बॅटरीचं, व्हीलचेअरच मानलं जातं, आणि जिथे माणसं पायी जाऊ शकतात तिथे सगळीकडे ते जाऊ शकतं. शेजारच्या बाईंची बसून चालवायची चारचाकी स्कूटर त्यातच येते. शारीरिक अपंगत्वामुळे चालता न येणाऱ्या माणसाने अशी स्कूटर वापरली तर कॅलिफोर्नियाचा वाहतूक कायदाही त्याला पादचारीच समजतो. केंद्र सरकारच्या पैशातून बांधलेल्या अशा मार्गांवर मोटारींना बंदी घालणारा जो कायदा आहे त्यातही मोटरच्या व्हीलचेअरचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. दुसरे अपवाद आहेत देखभालीच्या गाड्यांचे, स्थानिक परवानगी असेल तिथे ई-बाइकचे, आणि हिमप्रदेशात स्नोमोबाइलचे. पाटीवर एवढं सगळं मावत नाही, म्हणून तुमचा गोंधळ झाला. त्यात तुमची काही चूक नाही.

काकूंना आजार काय, किती, असं ट्रेलवरचा कर्मचारीही विचारू शकत नाही. गोल्फ कार्ट किंवा उभं राहून चालवायच्या दोन चाकी सेगवेसारखं मुळात दुसऱ्या कामासाठी बनलेलं वाहन कुणी अपंगत्वामुळे आणलं तर व्यवस्थापन वजन, वेग, रुंदी, गर्दी पाहून हो-नाही ठरवू शकतं आणि अपंगांच्या पार्किंगचं कार्ड बघायला मागू शकतं. काकूंच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. फक्त मनगट बरं झाल्याशिवाय ती चालवू देऊ नका, कारण तिचा वेग हँडलवर हातानेच सांभाळावा लागतो. पहिल्यांदा घरासमोरच्या रिकाम्या फुटपाथवर सराव करा, आणि ट्रेलवर चालण्याच्याच वेगात ठेवा.

एक गोष्ट तुम्हा फिरणाऱ्या मंडळींसाठीही सांगायला हवी. इथे उजवी बाजू धरून चालायचं. मागून येणारा ‘ऑन युअर लेफ्ट’ ओरडतो तेव्हा तो सांगत असतो की मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जातोय. ऐकणारा नवखा असेल तर त्याच्या कानात ‘लेफ्ट’ तेवढं शिरतं आणि पाय नेमके डावीकडे वळतात. काकूंचं तसंच झालं असावं. त्याचा दोष काकूंवर येत नाही, मी ते वर सांगितलंच. पण उद्यापासून आवाज आला की जागचं न हलता सरळ चालत राहायचं, किंवा हलायचंच तर उजवीकडे. आणि चौघांनी एका ओळीत, गप्पा मारत, अख्खा रस्ता अडवून चालू नका. आपल्या मंडळींना ही सवय असते आणि इथले सायकलवाले तिला कावतात. दोघं-दोघं चाला. कानात भजनं लावली असतील तर एक कान मोकळा ठेवा. फोटोसाठी थांबायचं झालं तर डांबरावरून खाली उतरून थांबा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बोला, काका. पण नातवासमोर नाही, आणि जेवणाच्या टेबलावरही नाही. मुलाला एकट्याला गाठा आणि सुरुवात काकूंच्या मनगटापासून करा. मला दाट शंका आहे की त्याला ते किती दुखतं हे माहीत नाही. बिलाच्या भीतीने तुम्ही दोघांनी ते त्याच्यापासून लपवलंय. आईला कुणाच्या तरी ई-बाइकने पाडलं हे ज्या मुलाला नीट समजलं आहे, तो लेबल वाचल्याशिवाय ऑर्डर देणार नाही. त्याला सांगा की लायसन्सबद्दल तुझं बरोबर आहे, वर्गांबद्दल एकदा तपासून बघ. सूनबाईंनाही सोबत घ्या. नातवाला शाळेत ने-आण करायची धावपळ त्यांच्याच वाट्याला असेल तर ई-बाइकची घाई कुठून येतेय तेही कळेल, आणि ती गरज खरी असेल तर तिचा मान ठेवा.

नातवाशी मात्र तुम्ही स्वतः बोला. सायकल आली की पहिले काही दिवस सकाळी त्याला तुमच्याबरोबर ट्रेलवर न्या. तुम्ही दोघं पुढे चाला, तो मागून येऊ दे. लांबून घंटी, मग वेग कमी, मग हात लांब केला तरी लागणार नाही इतक्या अंतरावरून पुढे. नंतर त्याला पायी चालायला लावा आणि त्याच्या वडिलांना सायकलवर बसवा. मागून येणारी सायकल पाठीला कशी जाणवते हे त्या मुलाला एकदा कळलं की तुमच्या उपदेशाची फारशी गरज राहणार नाही. ट्रेलच्या बाजूच्या डोंगरांत ज्या मातीच्या वाटा जातात तिथले नियम वेगळे आहेत. तिथे शिरायच्या आधी तोंडाशी लावलेली पाटी वाचायची, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.

आणि तुमचं पत्र येऊन माझं उत्तर पोचेपर्यंत ऑर्डर गेलीच असेल, तर खोका आला तरी सायकल जोडायच्या आधी लेबल बघा आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते मुलाला विचारा. एकदा रस्त्यावर चालवलेली सायकल परत घेताना विक्रेते खळखळ करतात.

तुमची,
सल्लागार ताई